आईला न विचारता टोचलेले कान

आज साताऱ्यात नातीला कान टोचायला घेऊन गेलो. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, हिच्या आईला बोलवा. त्याशिवाय मी हात लावणार नाही." माझं डोकंच फिरलं.

मग सुनेला फोन करून बाकड्यावर बसलो आणि कमळी आठवली, माझी धाकटी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही जतला होतो. आई खडी फोडायला गेलेली असताना कुणी फिरस्ता येऊन वस्तीवरच्या पोरींचे कान टोचून गेला. सगळ्यांना एकच सुई. कमळी धनुर्वातानं गेली.

आमच्याकडं पाव्हण्याला पाणी देता देता गाव विचारतात, म्हणजे माणूस कोण, कुठला ते कळतं. त्या फिरस्त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "मला इचारलं आसतं, तर मी त्याला गाव इचारलं आसतं."

सून आल्यावरच कान टोचले. दुकानातल्या त्या पोरीचा तुम्हालाही राग आला असता का?