चौघांची खोली

शाळेत तिला सगळे वेळापत्रकबाई म्हणत. शिकवायची ती भूगोल. पण दर वर्षी शाळा उघडण्याआधी आठवडाभर शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर पुठ्ठा पसरून रंगीत चिठ्ठ्या हलवत बसायचं काम तिच्याकडे असे. एकतीस शिक्षक, बावीस वर्ग, एक प्रयोगशाळा. पंधरा वर्षांत एकाच तासाला एक माणूस दोन वर्गांत सापडला नाही, की कुठला वर्ग वाऱ्यावर राहिला नाही. चित्रकलेचे सर म्हणायचे, "बाई, आमचा संसारही एकदा तुमच्या पुठ्ठ्यावर घ्या. नवरा-बायको एका वेळी घरात तरी दिसू."

त्यामुळे घरच्यांनी जगाची फेरी मारायची ठरवली, तेव्हा आखणी कोण करणार हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

फेरीची कल्पना निघाली ती सासऱ्यांमुळे. नाना पोस्टात परदेशी टपालाच्या विभागात सॉर्टर होते. चौतीस वर्षं एका लाकडी मांडणीसमोर उभं राहून त्यांनी पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकली. एकदा धाकट्या नातीनं भूगोलाची वही पुढं केली, तर नाना डोळे मिटून खणच म्हणायला लागले. वरच्या ओळीत डावीकडून ओसाका, मग ऑकलंड, मधल्या ओळीत लिस्बन, इस्तंबूल, आणि अगदी तळाला, वाकावं लागायचं असा लिमा.

"आजोबा, तुम्ही गेलायत तिथं?"

"मी नाही गं. माझा हात गेलाय."

"मग आता बाकीच्या नानांनाही नेऊ या," नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, आणि चेष्टेत बोललेलं खरं करून बसायची त्याला खोड होती. हसता हसता विषय निघाला आणि चार वर्षं घरात मुक्कामाला राहिला.

त्या चार वर्षांत कुणी नवा सोफा मागितला नाही. थोरलीनं नृत्याचा वर्ग सोडला तो कंटाळून, पण सांगताना "ट्रिपसाठी" असं सांगितलं. वेळापत्रकबाईनं आखणी अशी केली, की शिक्षकखोलीत लोक ती उभं राहून वाचत. एक्केचाळीस दिवस, नानांच्या खणांतली पाच शहरं, सतत पूर्वेकडं जायचं. मागं वळलं की तिकीट महागतं. राहायला स्वयंपाकघर असलेली खोली, म्हणजे दोन वेळचं जेवण घरचंच. विमानाचा पल्ला रात्रीचा, म्हणजे तेवढं खोलीचं भाडं वाचलं. पाठीवर एकेक पिशवी, सामानाला वेगळे पैसे नाहीत. कपडे धुवायचे दिवससुद्धा तिनं हिरव्या रंगात दाखवले होते.

आणि मग तिला कळलं, की जग चौघांसाठी बनवलेलं आहे.

खोली चौघांची. टॅक्सी चौघांची. संगणकावर प्रत्येक शहरासाठी पाच हा आकडा टाकला, की ती साइट नम्रपणे दोन खोल्या घ्यायला सांगायची. दोन खोल्या घेतल्या की पाच शहरांची तीन व्हायची. तिनं पलंग हलवले, तारखा हलवल्या, शहरांच्या कडेच्या वस्त्या धुंडाळल्या. नाना काही कुठल्याच चौकटीत मावेनात. एका संध्याकाळी नवरा तिच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "पाचवा बसत नाही, ना?" तिनं मान हलवली. तो आत जाऊन दात घासायला लागला.

सत्तरीपुढच्या माणसाला प्रवासविम्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं. नाना बहात्तर वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी छातीत एकदा दुखून गेलेलं. ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्या. नाना बाहेर बाकावर बुटाच्या नाड्या बांधत बसले आणि ती आत डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"यांचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "विमानात दर दोन तासांनी उठून चालायचं. पाणी प्यायचं. बाकी खुशाल न्या. रोज तीन मजले चढतात म्हणालात ना? ते सोडू नका म्हणावं."

तिनं पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. बाकापर्यंत सतरा पावलं असतील. बाहेर येईपर्यंत तिनं काहीच ठरवलं नव्हतं, असं ती पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. नानांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर असतं, तसलं काहीतरी होतं.

"नाना, नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "हृदयाला झेपायचं नाही म्हणतात. इतका लांबचा प्रवास नको."

नानांनी बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळली. मग म्हणाले, "बरं झालं, आधी विचारलंस. तिथं जाऊन तुमच्या गळ्यात पडलो असतो." आणि उठताना, चौतीस वर्षं मांडणीसमोर उभं राहताना कधी घेतला नसेल, तसा त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

घरी कुणी खोलात शिरलं नाही. नवऱ्यानं "अरेरे" म्हटलं; पत्र कुठंय, हे विचारलं नाही. धाकटी रडली. चौघांचा आकडा टाकताच पाचही शहरं पुठ्ठ्यावर अलगद येऊन बसली.

तिला वाटलं होतं, नाना चार दिवस हिरमुसतील आणि सावरतील. नाना हिरमुसले नाहीत. ते आजारी माणूस झाले.

आधी सकाळचं दूध बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरून उतरून, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दोन शब्द ऐकवून परत चढणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. "उतरेन गं," ते म्हणाले, "पण उतरलो की चढावं लागणार. हृदयाला झेपायचं नाही." तिचेच शब्द, जसेच्या तसे. मग वाचनालय बंद झालं. पुस्तकं थोरली आणू लागली. पुढं तळमजल्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावणं सुरू झालं. महिन्याभरात नानांचं जग त्यांच्या खोलीपासून बाल्कनीपर्यंत आलं. ते हळू चालू लागले, हळू बोलू लागले, आणि बोलताना मधूनच थांबून छातीच्या आत काही हलतंय का ते ऐकू लागले.

आल्यागेल्याला मात्र कौतुक सांगत. "आमची सून म्हणजे काय! मला बाहेर बसवलं आणि स्वतः डॉक्टरांशी बोलली. तोंडावर ऐकलं असतं तर मी तिथंच खचलो असतो. पोटची पोरगी काय करील इतकं." ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि धुतलेली वाटी पुन्हा धुवायची.

सांगायचं तिनं अनेकदा ठरवलं. पण उद्या कधी सोमवार असे, कधी परीक्षा. एकदा तर नाना इतके शांत झोपले होते, की उठवणंच जिवावर आलं. वर्गात भूगोल शिकवताना ती फळ्यावर नकाशा काढायची, आणि तळाला लिमा लिहिताना खडू थबकायचा. पत्र तिनं आखणीच्या फाइलमध्ये, शेवटच्या कप्प्यात ठेवलं होतं. फाडलं नाही. फाडलं असतं तर ती खोटारडी झाली असती. ठेवलं होतं म्हणून गोष्ट नुसती सांगायची राहिलेली होती. इतक्या पातळ कागदावर तिनं तीन महिने काढले.

तिकिटं सोमवारी काढायची ठरली. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी नानांनी तिला खोलीत हाक मारली.

"ये, मास्तरीणबाई. बस. माझी पण एक आखणी बघ."

पलंगावर त्यांनी खोके मांडून ठेवले होते. एकात पेन्शनचे कागद, एकात घराचे, एकात फोन नंबरांची यादी, त्यात मोठ्या अक्षरांत दवाखान्याचा. शेवटच्या खोक्यात पाच पाकिटं. प्रत्येकावर घरचा पत्ता, पोस्टातल्या त्या सुबक, उभ्या अक्षरांत.

"ही तुमच्याबरोबर न्यायची. प्रत्येक गावातून एक टाकायचं. लिमाचं पोचल्या पोचल्या टाका, तिथून वेळ लागतो. आणि हे बघ, तुम्ही एक्केचाळीस दिवस नसणार. मध्ये काही झालंच, तर मुलाला म्हणावं, धावत परत यायचं नाही. मागं वळलं की तिकीट महागतं, असं तूच म्हणतेस ना?" ते हसले. "शेजारच्या काकांना सगळं सांगून ठेवलंय. कुठं काय आहे ते. कुणी खोळंबायचं नाही."

"नाना..."

"अगं, घाबरायचं काय त्यात? व्यवस्थित असलेलं बरं. आमच्या खात्यात एक होता, आठवतंय का, सांगितलं होतं तुला? एके दिवशी कंटाळा आला म्हणून टपालाची पिशवी कपाटामागं ढकलली त्यानं. सात महिन्यांनी निघाली. कुणाची नोकरीची पत्रं, कुणाच्या आईच्या आजाराची. साहेबांनी नुसती बदली केली. मी मात्र त्याच्या हातचा चहा परत घेतला नाही. सगळं करावं माणसानं, दुसऱ्याचं पत्र दाबून ठेवू नये. म्हणून म्हणतो, माझं जे काही आहे ते वेळेवर—"

ती उठली. स्वतःच्या खोलीत गेली, फाइल उघडली, शेवटच्या कप्प्यात हात घातला. परत येऊन तिनं ती घडी नानांच्या हातात दिली.

नानांनी चष्मा लावला. आधी तारीख वाचली, सवयच ती. मग नाव. मग खाली. पत्र चार ओळींचं होतं, पण ते बराच वेळ वाचत राहिले. बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकत होतं.

"तीन महिने," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तीन महिने मी झोपताना दार उघडं ठेवतोय. पोरींनी सकाळी दार ढकलून आत यावं आणि काही बघावं, असं नको म्हणून."

ते दार उघडं असायचं, हे तिनं पाहिलं होतं. उकडत असेल, असं वाटलं होतं तिला.

"खोल्या चौघांच्या होत्या, नाना," ती म्हणाली, आणि वाक्य बाहेर पडताच तिला त्याची लाज वाटली.

"मला म्हणायचं ना मग. 'नाना, जागा नाही.' मी काय भांडलो असतो? राहिलो असतो घरी. दूध आणलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जागा नसणं वेगळं गं. तू मला मरायला बसवलंस."

तिला रडू येत होतं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. ती उभी राहिली. पत्राची घडी घालून नाना म्हणाले, "बाहेर तिघं बसलेत. त्यांना तूच सांग. माझ्या तोंडून नको."

तिनं सांगितलं. जेवणाच्या टेबलाशी उभी राहून, मुलांसमोर चूक कबूल करताना मुख्याध्यापिका उभ्या राहतील तशी. थोरली तिच्याकडं बघेना. धाकटीनं विचारलं, "म्हणजे आजोबा आजारी नव्हतेच?" नवरा हातातला चमचा फिरवत बसला होता. शेवटी म्हणाला, "मी पत्र मागितलं नाही. मला मागायचं नव्हतं." तेवढंच. तिच्या डोक्यावरचं ओझं त्यानं काही कमी झालं नाही. फक्त आणखी एक माणूस त्याखाली आला.

तेवढ्यात नाना बाहेर आले. पायात बूट होते. कुणाकडं न बघता त्यांनी दुधाची पिशवी खुंटीवरून घेतली आणि दार उघडून जिना उतरू लागले. नवरा उठला, तर त्यांनी हातानंच त्याला बसवलं.

ती मात्र मागोमाग गेली, पाच पायऱ्यांचं अंतर ठेवून. उतरणं ठीक झालं. दुकानात त्यांनी दूध घेतलं, कुत्र्याला दोन शब्द ऐकवले. नेहमीपेक्षा जरा कडकच. मग चढण. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नाना थांबले. कठडा धरला. पूर्वी ते इथं शीळ घालत यायचे. आता छाती भात्यासारखी वरखाली होत होती, गुडघे थरथरत होते. हृदयाला काही झालेलं नव्हतं. तीन महिने न चाललेले पाय होते ते.

ती खाली उभी होती. हात पुढं करायला ती धजावली नाही.

"सुट्टीला किती दिवस आहेत?" नानांनी भिंतीकडं बघत विचारलं.

"ऐंशी."

"रोज दोनदा चढलो तर होतील पाय." त्यांनी दोन श्वास घेतले. "पाच माणसं धरलीस तर गावं किती उरतात?"

"तीन."

"कुठली, ते मी ठरवणार. तुझ्या हाती कात्री द्यायची नाही आता." ते कपाळावर आठ्या घालून विचार करू लागले, जणू ती मांडणी समोर उभी होती. "ओसाका राहू दे. लिस्बन राहू दे. आणि लिमा. चौतीस वर्षं वाकलोय त्याच्यासाठी."

"बरं," ती म्हणाली. "नाना, मी..."

"नको. आत्ता नको." ते पुन्हा कठडा धरून निघाले. एक पायरी, मग दुसरी. वरच्या वळणावर पोचल्यावर, मागं न बघताच म्हणाले, "आणि आज चहा थोरलीला टाकू दे."

ती जिथं होती तिथंच उभी राहिली. वरून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. ती पायऱ्या मोजत राहिली. उरलेल्या अठराही झाल्या, दार वाजलं, थोरलीचा आवाज आला, "आजोबा, द्या ती पिशवी." मग कुठं तिनं पुढच्या पायरीवर पाय ठेवला.