पाऊण जिनचे बारा तारे

खांग दशुन नव्वद वर्षांचा झाला तेव्हा गावाने त्याला दीर्घायुष्यासाठी खातात त्या लांब शेवया खाऊ घातल्या. जो तो म्हणत होता, "आजोबा, कधी कुणाला दाणाभर कमी तोललं नाहीत, म्हणून एवढं आयुष्य मिळालं!" तो मान खाली घालून बसला होता. शेजारी मी, गावाचा जुना मास्तर. मी शेवयांची वाटी तशीच खाली ठेवली.

साठ वर्षांपूर्वी तो गावाचं धान्य तोलणारा होता. त्याचा काटा वडिलांच्या हातचा, लाकडी दांडीवर पितळेचे सोळा ठिपके. एका जिनचे, म्हणजे साधारण अर्ध्या किलोचे, सोळा लियांग, एकेका लियांगला एक ठिपका. त्यांना आम्ही तारे म्हणतो. कमी तोलून एक तारा मारला की मारणाऱ्याचं नशीब जातं, दोन मारले की मान जातो, तीन मारले की आयुष्य, अशी आमच्याकडे म्हण आहे. तोलण्याआधी खांग दांडीवरून अंगठा फिरवायचा. बायका चिडवायच्या, "काट्याला काय कुरवाळता, दादा? घरी बायको आणा!"

"काटा उलट बोलत नाही," तो म्हणायचा.

मग सरकारने लियांग बदलला. जिन तेवढाच, पण त्याचे सोळा नव्हे, आता दहाच लियांग. तालुक्याच्या सभेत सांगितलं, दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा म्हणजे लियांग. नवा काटा पाठवतो म्हणाले, तो काही आला नाही. उपासमारीचा हिवाळा मात्र आला आणि त्यासोबत कागद: माणशी रोज ०.३७५ जिन तांदूळ. तेव्हा सगळ्या गावाचा भटारखाना एकच होता, घरागणिक एक मडकं शिजायचं. खांगच्या घरी तो आणि आई, दोघांचे मिळून ०.७५. सभेत ऐकलं तसे त्याने साडेसात लियांग तोलले, पण जुन्या काट्यावर. साऱ्या गावाला तसंच.

माझं मडकंही तोच भरायचा. मी गणित शिकवणारा, आणि मला दिसलं नाही. भुकेला माणूस मडक्यात बघतो, दांडीकडे बघत नाही.

कणगीत तांदूळ उरू लागला. खांगने तो प्रामाणिकपणे कळवला. काटकसरीबद्दल त्याच्या छातीवर लाल कागदाचं फूल लागलं आणि उरलेला तांदूळ गाडीत भरून तालुक्याला गेला.

त्या कागदाच्या सव्विसाव्या दिवशी त्याची आई गेली. दोन दिवसांनी मृत्यूच्या नोंदीचा अर्ज लिहून घ्यायला तो शाळेत आला. मुलं घरी गेली होती. फळ्यावर माझं उदाहरण तसंच होतं: ०.७५ म्हणजे शंभरावर पंचाहत्तर. दोन्हींना पंचवीसने भागलं की चारावर तीन.

"हे काय, मास्तर?"

"पाऊण."

"एवढंच? मग सरळ पाऊण लिहा की! पाऊण जिन म्हणजे बारा तारे, शेंबड्या पोरालाही..." तो थांबला. त्याचा अंगठा नसलेल्या दांडीवरून फिरू लागला. बारापर्यंत गेला, मग साडेसातवर मागे आला.

"मास्तर, मी साडेसात देत होतो."

मी उठून दार लावलं. "हळू बोला. चोर ठरवून जीव घेतील."

"आई म्हणायची, मडकं हलकं लागतंय. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, काटा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मडकी बरोबर भरली गेली. का, ते कुणाला कळलं नाही. मीच त्याला तोंड उघडू दिलं नाही. गणिताचा मास्तर काय झोपला होता का, असंही कुणीतरी विचारलं असतं. तेव्हा मी आधी माझीच कातडी वाचवली, याची मला आजही लाज वाटते. मडकी बरोबर भरेपर्यंत गावात अकरा माणसं गेली होती.

वाढदिवसाची मंडळी पांगली. खांगने आतून तो काटा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. पितळ अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं.

"मास्तर, बारातून साडेसात गेले की किती?"

"साडेचार."

"तीन मारले की मारणाऱ्याचं आयुष्य जातं म्हणतात."

"म्हणतात खरं."

"मग ते आईचं का गेलं?"