कोपर वाकतो

मार्केट यार्डात कांद्याचे तोलणार असलेले रामदास खोब्रागडे यांना कोणी बेसबॉलचे प्रशिक्षक म्हटले, की ते आधी मागे वळून पाहतात. भंडाऱ्याहून पुण्याला आले त्याला तीस वर्षे झाली. आल्या आल्या कामगारांच्या क्रिकेट स्पर्धेत त्यांनी एकच षटक टाकले. पंचांनी त्यात सात नोबॉल दिले आणि कागदावर शेरा मारला, ‘कोपर वाकतो.’ गल्लीच्या भाषेत, फेकी. सामना बघायला आलेल्या एका बेसबॉलवाल्याने मात्र त्यांचा पत्ता विचारून घेतला. पुढची आठ वर्षे त्याच कोपराने रामदासांनी भल्याभल्यांच्या बॅटी हवेत फिरवल्या.

यंदा दुखणे उलटे होते. शेजारच्या कांताबाईंची नात मैत्री हिची रविवारी जिल्ह्याच्या बेसबॉल संघासाठी चाचणी होती. वेग झकास, पण दर तिसरा चेंडू पकडणाऱ्याच्या डोक्यावरून.

“पाय कुठं टाकतेस?”

“समोर, काका.”

“समोर? तो निघालाय स्वारगेटला.”

त्यांनी जमिनीवर सुतळी ताणली. पाय सुतळीवरच पडायला हवा. तीन दिवसांत तो पडू लागला. मग डोके. “तराजूच्या काट्यासारखं सरळ ठेव. झुकलं की माल कमी भरतो.” तेही जमले.

कोपर मात्र हटेना. मैत्री भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळत वाढलेली. तिथे हात वाकला की चेंडू रद्द आणि वर आरडाओरडा. त्यामुळे तिचा हात छत्रीच्या दांड्यासारखा ताठ.

“वाकवला, काका, की वाटतं, आता सगळे ओरडणार.”

“ओरडू देत. निवड समितीत घेतलंय का त्यांना?”

त्यांनी तिच्या हातात गोणपाटाचा लांब तुकडा दिला, समोर आपला हातमोजा धरला. “मार यावर. कोपर आधी, मनगट मागून.” ताठ हाताने फटका तिच्याच गुडघ्यावर बसला. संध्याकाळपर्यंत गुडघा लाल झाला, मोजा कोराच राहिला.

रविवारी पहिले दोन चेंडू डोक्यावरून जाळीत गेले. निवड समितीतल्या एकाने पेनाचे टोपण लावले. तेवढ्यात कुंपणापाशी रामदास ओरडले, “फेकी टाक! अगं, फेकी!”

मैदान त्यांच्याकडे बघू लागले. सोबत आलेले तिचे भाऊ खाली बघू लागले. मैत्रीला खुदकन हसू आले आणि हसता हसता हात सैल पडून कोपर वाकला. तिसरा चेंडू मोज्यात असा बसला, की पकडणारीने हात झटकला. पुढच्या दहांपैकी नऊ तसेच. पेनाचे टोपण पुन्हा निघाले.

दुपारी फळ्यावर कागद लागला. रामदास चष्मा लावून पुढे घुसले.

“काका, नाव आहे का?”

“आहे.”

“मग इतका वेळ काय वाचताय?”

नावापुढे शेऱ्याचा रकाना होता. त्यात लिहिले होते, ‘कोपर उत्तम वाकतो.’

“थांब गं,” रामदास म्हणाले, “परत एकदा वाचू दे.”