तेलातलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला एका छोट्या कारखान्यात भट्टीवर होतो. पोलाद लालभडक करून झटक्यात थंड करायचं, याला आम्ही पाणी देणं म्हणायचो. जिल्हाभर विहिरी खोल करणं चाललं होतं, त्यामुळे छिन्न्या कितीही केल्या तरी पुरत नव्हत्या. घरी गेलो की जेवता जेवता डोळे मिटायचे.

एका दुपारी पारनेरकडचा एक विहीर खोदणारा आला. एका डोळ्यावर फडकं बांधलेलं. त्यानं मोडकी छिन्नी माझ्यापुढं ठेवली.

"तुमचीच हाय, सायेब. घण घातला आन् टवका उडाला. डोळा वाचला म्हनायचं."

त्याच्यासाठी चहा सांगितला. नंतर तो तुकडा घासूनपुसून कारखान्यातल्या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत सुयांसारख्या रेघांची दाट जाळी होती, म्हणजे पोलाद पुरतं कडक झालेलं, आणि तिच्यातून आरपार गेलेला तडा.

आमचा नेहमीचा गज साध्या पोलादाचा. तापल्यावर त्यातला कार्बन विरघळतो, आणि पाण्याचा झटका दिला तरच तो आत अडकून पोलाद कडक होतं. पण त्या महिन्यात गज मिळाले नव्हते, म्हणून ट्रकचे भंगार एक्सल कापून घेतले होते. त्यात क्रोमियम, मँगनीज. ते असले की कार्बन जागचा लवकर हलत नाही. तेलात सावकाश थंड केलं तरी अडकतो. अशा पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही.

मालकांना सांगितलं. ते हौदाकडं बघत म्हणाले, "तेलातच करा. तसंही पाणी राहिलंय कुठं?"

मग एक्सलचे तुकडे आणि उरलेले जुने गज असा सगळा ढीग फिरत्या सहाणेवर धरून, कुठल्या पोलादाची ठिणगी कशी उडते ते बघत वेगळा केला. तेलात काढलेली पहिली छिन्नी मी स्वतः दगडावर मारून पाहिली. तीही मोडली. कडक केल्यावर परत थोडं तापवतात, तेव्हा अडकलेला कार्बन बारीक कणांनी बाहेर येतो आणि ठिसूळपणा जातो. क्रोमियम त्यालाही आडवं येत होतं. आच वाढवली, तेव्हा कुठं छिन्नी टिकली. तसली एक त्या माणसाला पोचती केली.

पुढं तो परत आला. डोळा उघडा होता, लालसर.

"कशी चालतीय छिन्नी?"

"झकास. धार बी गेली न्हाई."

"आणि पाणी लागलं?"

"न्हाई अजून. काळा दगडच हाय खाली." तो उंबऱ्यावरच टेकला. "अजून दोन द्या."

मी दिल्या आणि भट्टीकडं वळलो.