‘पोलादी पहिलवान’ आणि मैना तेलगोटे

मैना तेलगोटे माझी शेजारीण. अकोल्यात रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची वस्ती होती. सगळे तिला नुसतं ‘फैल’ म्हणत. वस्तीतले निम्मे लोक जिनिंगमध्ये कामाला जात. मैनाचे वडील डोमाजीही तिथंच कापसाच्या गाठी बांधायचे. छप्पन साली दीक्षेसाठी आमच्या दोन्ही घरची माणसं रेल्वेच्या एकाच डब्यातून नागपूरला गेली होती. परत आल्यावर दोन्ही बापांनी ठरवलं की पोरींना पुढंही शिकवायचं. मी नर्स होऊन सरकारी दवाखान्यात लागले आणि मैना शाळेत मास्तरीण झाली.

मैनाला सिनेमाचं वेड होतं, पण ते नुसतं पाहण्याचं नव्हतं, सिनेमाशी भांडण्याचं होतं. टॉकीजमधून बाहेर पडली की घर येईपर्यंत ती त्या मुंबईतल्या दिग्दर्शकाला जाब विचारत चालायची. “एवढी शिकलेली बाई दाखवली, मंग ते प्रत्येक गोष्टीले रडून काहून राहिली?” मी म्हणायची, “बाई, मले काय विचारतं? त्याले विचार.” एक दिवस तिनं खरंच विचारलं. एका सिनेमावर दोन कागद भरून लिहिलं आणि ‘पूर्णाकाठ’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन दिलं.

संपादक उत्तमराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी ते वाचलं, हसले आणि छापलं. फक्त खाली मैनाच्या नावाऐवजी ‘रसिक’ असं टाकलं. म्हणाले, “मैनाबाई, नाव वाचून लोक लेख वाचायचा की नाही ते ठरवतात. आधी लेख वाचू द्या.” मैनाला ते पटलं नव्हतं, पण लिहायला जागा मिळाली होती. दोन वर्षं ‘रसिक’ लिहीत राहिला. अमरावतीहून सुद्धा लोक त्याला पत्रं पाठवायचे. वाचनालयात एक वकील छातीठोकपणे सांगत, की हा रसिक म्हणजे अमरावतीचे कोणीतरी निवृत्त प्राध्यापक आहेत, भाषेवरूनच कळतं. मैना तिथंच मासिकं चाळत उभी असायची.

पासष्ट साली मोर्णा टॉकीजला ‘पोलादी पहिलवान’ लागला. सिनेमा इंग्रजांचा, पण हिंदी बोलायला लावलेला. बैलगाडीवर पोस्टर फिरायचं, त्यात दोन लोखंडी राक्षस एकमेकांच्या छातीवर बुक्क्या मारताना दाखवले होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सहकुटुंब सहपरिवार पाहा’. टॉकीजचे मालक खुशालराव यांनी रविवारी दुपारचा खास कुटुंबांसाठी खेळ ठेवला होता.

फैलातल्या पोरांनी पोस्टर पाहिल्यापासून आयांचा जीव खाल्ला. मैनाची आई सुंदराबाई म्हणाली, “हे लोखंडाचे मानसं खरे असते का वं?”

“नाई वं माय. यंत्र असते. त्याच्यात जीव नसते, पन मानसासारखं चालते, हात उचलते. मालक सांगते तसं लढते.”

“मंग लागते त्याले?”

मैना हसली. “थेच पाहाले जाचं आहे.”

आम्ही आठ-दहा बाया आणि एवढी मोठी पोरांची फौज निघालो. मैनानं सगळ्यांची खुर्चीची तिकिटं काढली. एरवी आम्ही पुढच्या बाकड्यांवर बसायचो, कारण ते तिकीट स्वस्त. पण त्या दिवशी सुंदराबाईनं सांगितलं होतं, पोराईच्या माना दुखते, खुर्चीतच बसू.

दाराशी गेटकीपरनं तिकिटं पाहिली, आम्हाला पाहिलं, आणि बॅटरी पुढच्या बाकड्यांकडे फिरवली.

मैना म्हणाली, “दादा, तिकिटं खुर्चीची हायेत.”

“हाये ना. पन खुर्च्या आज फ्यामिलीसाठी ठेवल्या.”

“मंग आमी कोन हावो?”

 मागून वकिलांची, व्यापाऱ्यांची कुटुंबं येत होती, आणि तो त्यांना वाट करून देत होता. खुर्च्या पुष्कळ रिकाम्या दिसत होत्या. मैना जागची हलेना. तेवढ्यात आत अंधार झाला, पडद्यावर काहीतरी खणखणलं, पोरं हात सोडून पुढं पळाली आणि बाया पोरांमागे. आमच्यातल्या जाईबाईचं लेकरू कडेवर रडत होतं. आम्ही बाकड्यांवर बसलो. मैनानं मान वर करून अख्खा सिनेमा पाहिला. 

घरी आल्यावर तिनं कंदील जवळ घेतला आणि लिहिलं. ते परीक्षण मी इतक्यांदा वाचलं आहे की मला पाठ आहे.

‘या चित्रातल्या शहरात माणसांनी कुस्ती सोडली आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘ती आता यंत्रं पाळतात आणि झुंजवतात. एका बापाजवळ भंगारातून उचललेलं जुनं यंत्र आहे. त्याची लेक त्याला तेल घालते, पुसते, त्याच्याशी बोलते. झुंजीचे प्रसंग पोरांना टाळ्या वाजवायला लावतील असे आहेत. त्यात रक्त नाही, ओंगळ काही नाही. मोठ्या यंत्राचा हात उचलला जातो तेव्हा वरची तार दिसते, पण त्यानं मजा कमी होत नाही. आईच्या कामाला मात्र दिग्दर्शकानं चुलीपलीकडे जागा ठेवलेली नाही. पुढच्या काळाची गोष्ट सांगायची, आणि त्या काळातली बाई मागच्याच काळात बसवायची, हे काही विज्ञान नव्हे. सर्वांत चांगला प्रसंग शेवटचा. प्रतिस्पर्धी खाली पडला आहे, मालक ओरडतो आहे की मार, आणि यंत्र हात खाली घेतं. ते बिघडलं म्हणून नव्हे. त्याला नाही मारायचं म्हणून. माझ्या शेजारच्या पोरी त्या क्षणी बाकड्यावर उभ्या राहिल्या.’

आणि मग शेवटचा परिच्छेद होता. ‘चित्र सहकुटुंब पाहण्याजोगं आहे. टॉकीज तसं नाही. खुर्चीचं तिकीट घेतलेल्या आमच्या कुटुंबांना रविवारी बाकड्यांवर बसवण्यात आलं, कारण आम्ही कोणत्या वस्तीतून आलो ते दाराशी ओळखलं गेलं. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा होऊन दहा वर्षं झाली. मोर्णा टॉकीजच्या दाराला तो अजून ठाऊक नाही.’

खाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

उत्तमरावांनी कागद दोनदा वाचला. मी बरोबर होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मैनाबाई, फार सुंदर लिहिलंय. पण हे सिनेमाचं परीक्षण आहे. खुर्च्यांचं नाही.”

“सिनेमा हवेत बसून पाहतात का उत्तमराव?”

“तसं नाही. खुशालरावांची जाहिरात दर आठवड्याला असते. ती गेली तर साप्ताहिक चालवायचं कसं? शेवटचा परिच्छेद काढू. त्याबद्दल मी स्वतः त्यांच्याशी बोलतो.”

“छापाचं तर पुरं छापा. नाई तर माहे कागद वापस द्या.”

“विचार करतो,” उत्तमराव म्हणाले, आणि कागद त्यांच्याजवळच राहिले.

शनिवारी अंक आला. परीक्षण छापलं होतं. शेवटचा परिच्छेद नव्हता. ‘चित्र सहकुटुंब पाहण्याजोगं आहे’ या वाक्यावर लेख संपत होता, खाली ‘रसिक’, आणि त्याच पानावर खाली मोर्णा टॉकीजची जाहिरात होती. खुशालरावांना तिनंच लोक गोळा करून दिल्यासारखं झालं.

मला वाटलं मैना रडेल. तिनं अंक घडी करून ठेवला, शाळेतून खडूचा डबा आणला आणि तडक वस्तीतल्या बुद्धविहाराकडे गेली. विहाराच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. सभेची वेळ, कोणाच्या लग्नाची तारीख असं काहीबाही त्यावर लिहिलेलं असायचं. तिनं तो पुसला आणि सगळं परीक्षण पहिल्या ओळीपासून लिहून काढलं. फळा पुरला नाही तेव्हा शेवटचा परिच्छेद खाली भिंतीवर लिहिला. त्याखाली लिहिलं, ‘मैना डोमाजी तेलगोटे, शिक्षिका. आजपर्यंत रसिक या नावानं लिहिणारी मीच.’

संध्याकाळी जिनिंग सुटली तसे लोक जमले. ज्यांना वाचता येत होतं ते मोठ्यानं वाचत होते. कोणीतरी म्हातारं म्हणालं, “खुशालराव मोठा मानूस हाये. कशाले वाद घेतं बाई?” डोमाजीकाका तिथंच उभे होते. ते फार कमी बोलायचे. म्हणाले, “वाद त्यानं घेतला. पोरीनं नुसता लिहून काढला.”

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी दुप्पट बाया होत्या. पुन्हा खुर्चीची तिकिटं. गेटकीपरनं पुन्हा बॅटरी फिरवली, पण सुंदराबाई ती पाहायला थांबलीच नाही. त्याच्या हाताखालून आत गेली आणि मधल्या रांगेत जाऊन खुर्चीत बसली. तिच्यामागे जाईबाई, मग मी, मग सगळ्या. पोरांनाही मांडीवर घेतलं नाही. त्यांच्याही तिकिटाच्या खुर्च्या होत्या.

पलीकडचं एक कुटुंब उठून निघून गेलं. कोणीतरी मागून म्हणालं, “हे काय चालवलंय?” सुंदराबाईनं नऊवारीचा पदर सारखा केला आणि पायावर पाय टाकून बसली.

सिनेमा काही सुरू होईना. थोड्या वेळानं खुशालराव स्वतः आले. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, काळा कोट. मैनापुढे उभे राहिले.

“तुमीच का त्या भिंतीवर लिहिणाऱ्या?”

“हो. आधी पेपरात लिहीत होते, तुमच्या पेपरात जागा कमी पडली.”

“पेपर माहा नाई.”

“मले तसंच वाटलं होतं. नंतर कळलं कोनाचा हाये ते.”

कोणीतरी हसलं. खुशालरावांचा चेहरा लाल झाला. “मास्तरीण बाई, समोर जागा हाये. तुमचे लोक तिथं बसतात. पैशे वापस देतो, जास्तीचे देतो. उगाच तमाशा नको.”

“पैशे नाई पाहिजे. खुर्ची पाहिजे, अन् तिच्यात आमी बसून आहो.”

“मंग सिनेमा सुरू होनार नाई.”

मैना उठली. शाळेत पोरांना प्रार्थनेला उभं करताना लावायची तसा आवाज लावला आणि सगळ्या टॉकीजकडे तोंड करून म्हणाली, “बंधू-भगिनींनो, सिनेमा का थांबला ते ऐका. आम्ही खुर्चीची तिकिटं काढून खुर्चीत बसलो, म्हणून मालकांनी थांबवला आहे. आम्ही उठणार नाही. तुम्हाला घाई असेल तर मालकांना सांगा.”

 मग मागून एक जण ओरडला, “त्यांना उठवा ना!” पण त्याच्या आवाजात दम नव्हता, कारण पुढच्या बाकड्यांवर बसलेले हमाल, रिक्षावाले, भाजीवाले पाय आपटायला लागले होते. त्यांना आमच्याशी काही घेणं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना सिनेमा पाहायचा होता. “चालू करा! चालू करा!” खुर्च्यांतली पोरंही त्यात मिळाली. एका व्यापाऱ्याची मुलगी तर आमच्या पोरांच्या सुरात सूर मिसळून किंचाळत होती आणि तिची आई तिला दाबत होती.

 खुशालरावांनी गेटकीपरकडे पाहून हात हलवला आणि ते बाहेर गेले. अंधार झाला. पडद्यावर लोखंड खणखणलं.

मैनानं त्या दिवशी सिनेमा पाहिलाच नाही. ती पूर्ण वेळ दाराकडे पाहत बसली होती. सुंदराबाईनं मात्र पापणी लवू दिली नाही. शेवटी ते यंत्र हात खाली घेतं तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, “शाबास रे माह्या वाघा!” आणि आजूबाजूचे हसले तरी तिला पर्वा नव्हती.

त्यानंतर मोर्णा टॉकीजमध्ये खुर्चीच्या तिकिटाला खुर्ची मिळू लागली. पण खुशालराव विसरले नाहीत. महिनाभरात मैनाविरुद्ध तक्रार गेली, की शिक्षिका भिंती रंगवते आणि लोकांना चिथावते. हेडमास्तरांनी तिला बोलावलं. चार ओळी माफीच्या लिहून दिल्या तर प्रकरण मिटेल, नाहीतर बार्शीटाकळीला बदली होईल, असं त्यांनी समजावलं. त्यांचा हेतू चांगला होता.

“सर, लिहिलेलं खोटं असेल तर सांगा,” मैना म्हणाली, “आत्ता पुसून येते.”

“खोटं आहे असं कोण म्हणतंय?”

“मग माफी कशाची लिहू?”

बदली झाली. मी तिला एस.टी.वर सोडायला गेले होते. एक ट्रंक, एक वळकटी, आणि सुंदराबाईनं बांधून दिलेल्या भाकरी. माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं. ती खिडकीतून म्हणाली, “शालू, तू काहून रडून राहिली? बार्शीटाकळी काय लंकेत हाये?”

ती दर रविवारी यायची. सकाळच्या गाडीनं येऊन दुपारी सिनेमा पाहायचा, संध्याकाळी विहाराच्या फळ्यावर परीक्षण लिहायचं आणि शेवटच्या गाडीनं परत जायचं. पावसात खडू ओला व्हायचा तेव्हा तिनं वर पत्र्याचं छप्पर करून घेतलं. हळूहळू रेल्वे लाइनीच्या अलीकडचे लोकही येऊन वाचायला लागले. काही कॉलेजातली पोरं तर सिनेमाला जाण्याआधी फळा पाहून जायची. परीक्षणात कधी खुर्च्यांचा, कधी बायांच्या रांगेतल्या धक्काबुक्कीचा एक परिच्छेद असायचाच. तो तिनं कधी शेवटी ठेवला, कधी अगदी सुरुवातीलाच.

बार्शीटाकळीत यात्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा यायचा. एकदा मी तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी पाहायला गेलो. मैनाच्या शाळेतल्या पोरी आमच्याआधीच दाराशी पोचल्या होत्या. त्यातली एक, परकर खोचलेली, तंबूच्या मालकाला विचारत होती, “भाऊ, तिकीट काढून कोठीही बसाचं ना?” मालक म्हणाला, “हो बाई, कोठीही बस.” पोरीनं मागे वळून मैनाकडे पाहिलं नाही. सरळ आत गेली आणि पडद्यासमोर मधोमध चटई टाकून बसली.