काटा काढणारे आबा

पन्नाशी उलटल्यावर मी गल्लीभर जाहीर केलं, की धुळ्याहून जळगावला एकटा सायकलने जाणार. पारोळ्यापर्यंत चाक दोनदा बसलं. दोन्ही वेळा मी रुबाबात नवी ट्यूब घातली. पारोळ्यात तिसऱ्यांदा चाक बसलं, तेव्हा ट्यूबही संपल्या होत्या. टेम्पोत सायकल टाकून गल्लीत कोणत्या तोंडाने शिरायचं?

रस्त्याकडेला एक म्हातारे आबा पंक्चर काढत होते. ते उठले, शेजारच्या शेतातून बोंडाचा कापूस तोडून आणला आणि टायरच्या आतून हळूच फिरवला, जणू तान्ह्या बाळाचा कान पुसत होते. एका जागी कापूस अडकला. तिथून त्यांनी चिमट्याने बाभळीचा काटा ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, तू टूबच बदलत ऱ्हायना," ते गालात हसत म्हणाले, "काटा संगेच लई फिरी ऱ्हायना."

म्हणजे काटा मी सोबतच घेऊन फिरत होतो! मीही हसलो. मग जुन्याच ट्यूबला ठिगळ लावून त्यांनी चाक फिरवून दिलं.

उन्हं कलताना मी जळगावात शिरलो, दोन्ही हात सोडून. बायकोला फोन लावला.

"परत कसे येणार?"

"सायकलनेच. माझ्या स्वागताचा हार तू आण. एक मी इथून घेतोय, पारोळ्यात एका आबांच्या गळ्यात घालायचा आहे."