अर्धवट निघालेला अँटीव्हायरस

गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. बंद पडलेला कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर आला, की चालू होऊनच परत जायचा. पण दुकान उठलं, बायको गेली, आणि एकुलती एक लेक दूरच्या शहरात, बापाच्याच विद्येवर मिळालेल्या नोकरीत रमली. दोन खोल्यांत उस्ताद एकटे. दिवसदिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही हो!

त्या दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवरचा जुना अँटीव्हायरस काढताना मध्येच अडकला. जुना पुरता निघेना, आणि तो निघाल्याशिवाय नवा बसेना. हा तर उस्तादांच्या डाव्या हातचा मळ. मागे गुपचूप चालू असलेला प्रोग्रॅम आधी थांबवायचा, मग त्याचं फोल्डर उडवायचं, उरल्यासुरल्या नोंदी हाताने पुसायच्या. चहा निवायच्या आत काम फत्ते! पण लेकीशी बोलायला काही निमित्त नको? नुसतं "कशी आहेस?" विचारलं, की "बरी आहे बाबा, मीटिंगमध्ये आहे," म्हणून फोन बंद. कसली मेली सदानकदा मीटिंग! म्हणून उस्तादांनी चक्क वेड पांघरून पेडगावला जायचं ठरवलं आणि फोन लावला.

"अगं, हे फोल्डर डिलीटच होत नाहीये."

"आधी प्रोग्रॅम थांबवलात का?"

"तो कुठून थांबवायचा?"

लेक सांगत गेली, उस्ताद मुद्दाम चुकत गेले. ती डावीकडे म्हणाली, की हे उजवीकडे. मध्येच नातू काहीतरी मागायचा, ती त्याला दटावायची. उस्तादांना ते सगळं हवंहवंसं वाटत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे आधी काय करायचं म्हणालीस?"

लेकीचा आवाज एकदम बदलला.

"बाबा, आधी थांबव, मग साफ कर, हे तुम्हीच मला शिकवलंत. दुकानात, तुमच्या शेजारी स्टुलावर बसवून. आठवत नाही?"

पलीकडे ती चक्क रडत होती.

"मला शंका होतीच. एकटे राहता, धड जेवत नाही... मी शनिवारी येते. डॉक्टरांना दाखवू आपण."

अगं वेडे, नाटक होतं सगळं, असं अगदी जिभेवर आलं. पण मग ती कशाला आली असती?

"नाही गं आठवत," उस्ताद म्हणाले. "हल्ली फार विसरतो मी."